गोशेन, तालुका रिसोड

"पोट्टीले आपल्या गावाचं नाव सांगता येते काय?"

पानठेलेवाल्यानं विचारलं अन् म्या म्हनलं, येते ना भाऊ, चार वर्साची हाय पन खडखड बोलते, गाव सांगते, घर सांगते, आजीले कोन्त्या शिव्या येतात तेही सांगते, अन् बोलता बोलता मी थांबली. कारन गुड्डी काय सांगन ते मले त्याच टायमाले समजलं. गुड्डीले कोनी पुसलं का बाई, तू कोन्त्या गावची, त ती दोन्ही हात कमरेवर ठिवून, मान वर करून सांगते, "गोशेन." केनवड नाही, तालुका रिसोड नाही, जिल्हा वाशीम नाही. गोशेन! अन् गोशेन हे मिसर देशात, म्हंजे इजिप्तात होतं, तेही हजारो वर्सापयले.

शेलूबाजारचा हायवे होता तो. इकून ट्रक, तिकून ट्रक, मंधात जीपवाले "मंगरूळ मंगरूळ, वाशीम वाशीम" करून राह्यले. मी माहेरी चालली होती. बसमधून उतरली, माहेरी रिकाम्या हातानं कसं जाव म्हनून केळवाल्यापाशी थांबली, केळं पिशवीत टाकले, अन् खाली पाह्यलं त माहं बोट धराले कोनी नाही. लाल फ्रॉक, दोन शेंड्या, पायात वाजनाऱ्या चपला. त्या चपलायचा आवाजच नाही. मी अशी किंचाळली का केळवाल्याच्या हातचा तराजू खाली पडला. भाजीच्या ऑटोवर भोंगा होता, त्या भाऊनं भाव सांगनं बंद केलं अन् ओरडाले लागला, "लाल फ्रॉकवाली पोरगी, नाव गुड्डी, गाव केनवड." म्या त्याचा हात धरला अन् म्हनलं, "भाऊ, गोशेनही म्हना." तो माह्याकडे असा पाहे जशी काई मी भ्रमिष्ट झाली.

आता गोशेन कठून आलं ते सांगाच लागते, अन् ते सांगाचं त आमच्या मामाजीचं सांगा लागते. अख्ख्या वाशीम जिल्ह्यात मिसर देशाचा रस्ता ज्याले तोंडपाठ हाय असा मानूस एकच हाय, अन् तो आमच्या घराच्या भितीले भीत लावून राह्यते. माह्या सासऱ्याचे हे मोठे चुलतभाऊ. माहे सखे सासरे मी पाह्यलेच नाही, म्हनून मी ह्यायलेच मामाजी म्हनतो, गुड्डी आबा म्हनते, अन् गाव म्हनते मिसरवाले. जलमभर यष्टीत कंडक्टर होते. मामी वारल्या, लेकरूबाळ नाही, चार बकऱ्या हायेत. रिटायर होऊन इतके वर्सं झाले पन खाकी शर्ट अजून अंगावर, अन् खिशात तो तिकिटं छेदाचा जुना पंच. विचार कराले लागले का पंच वाजते, टिक टिक टिक. टिकटिक जोरात असली त समजाचं का मामाजी इजिप्तात हायेत. हळू असली त समजाचं का भाजी शिजून राह्यली.

त्यायले हे वेड लागलं ते एका पुस्तकापाई. कोन्यातरी पॅसिंजरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक शीटखाली राह्यलं. यायनं डेपोत जमा केलं, पन न्याले कोनी आलंच नाही, धूळ खात पडलं, अन् रिटायर झाले तवा साहेबानं हारासंग तेच हातात देल्लं. मामाजीले इंग्रजी येत नव्हती. पन त्यात एक फोटो होता. मिसरच्या एका राजानं आपल्या देवळाच्या खांबावर कैद्यायची रांग कोरून ठिवली. हात पाठीमांगं बांधलेले, गळ्यात दोर, अन् जठी मानसाचं पोट असते तठी एक लांबोळा गोल, अन् त्या गोलात त्याच्या मुलखाचं नाव. मामाजी मले सांगत, "सुनबाई, म्या तो फोटो पाह्यला अन् उठून उभाच झालो. अवो, हे त तिकीट होय! राजानं अख्ख्या दुनियेचं तिकीट फाडून ठिवलं. कोन कठून आला ते पोटावर लिवलं. इतका पक्का कंडक्टर आपल्या डेपोत नाही झाला."

मंग काय. डिक्शनरी आनली, मोबाईल घेतला, नातवाच्या वयाच्या पोट्ट्यायपासून यूट्यूब शिकले, अन् एक एक गाव उतरत उतरत मिसरात पोचले. मी आठवीपर्यंत शिकली, नववीत घरच्यायनं शाळा सोडवली, पन मामाजीनं सांगतलेलं मले सारं पाठ हाय, कारन ते सांगत असं का पोळी करपली तरी चालन. त्या खांबावर एका गोलात लिवलं हाय म्हने, शासू लोकायची भूमी, याहू. शासू म्हंजे कोन? त मेंढ्या घेऊन फिरनारे लोक, आज अठी त उद्या तठी. अन् यहुदी लोकायच्या देवाचं नावही तसंच, याहवे. कोन्या कागदावर, कोन्या दगडावर त्या देवाचं नाव येते त्याच्या कितीतरी आंधी हे नाव मिसरच्या खांबावर आलं, अन् ते देवाचं नाव म्हनून नाही, मुलखाचं नाव म्हनून. मंग देवानं मुलखाचं नाव घेतलं, का मुलखानं देवाचं? "यावरच मोठमोठ्या विद्वानायचं भांडन हाय," मामाजी म्हनत. "काई म्हनतात हे दोन्ही एकच, काई म्हनतात बिलकुल नाही. मी कोनाच्याच बाजूनं नाही. मी कंडक्टर हाय, दोघायलेही तिकीट देतो."

पन ते खुश कायनं होत, त मोशेच्या गोष्टीनं. मोशे म्हंजे त्या यहुदी लोकायचा पुढारी, तो मिसरातून पळाला, मिद्यान नावाच्या मुलखात गेला, तठी त्याचं लगन झालं, सासरा पुजारी, अन् मोशे सासऱ्याच्या मेंढ्या चारत असतानीच त्याले जळत्या झुडपात देव भेटला. मामाजी मांडीवर थाप मारत. "समजलं काय सुनबाई? काई विद्वान म्हनतात, हा देव मोशेले सासरच्यायनं देल्ला. देव सासुरवाडीले भेटला! अन् तुमी लोक सासुरवाडीले नावं ठिवता!" मी नवी नवरी होती तवा, दिवसातून चारदा माहेरची याद काढून रडे. त्या दिशी मी पयल्यांदा हासली. भितीच्या त्या बाजूनं आत्याबाई, म्हंजे माही सासू, बोलली, "सांग वो त्यायले, अठी सुनेले देव नाही भेटला, पन भांडे घासाले भेटले, ते घास."

हे एक सांगाचं राह्यलं. आत्याबाई मामाजीसंग बोलत नाही. भांडन नाही, रीत हाय. ते तिचे भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ, म्हनून डोक्यावर पदर अन् तोंडाले कुलूप. जे बोलाचं ते मले पाहून, नाही त बकरीले पाहून, नाही त भितीले. पन असं बोलन का गावाच्या येशीपर्यंत आयकू जाईन. अन् मामाजीही जवाब देत ते बकरीलेच. लगन होऊन आली तवापासून माही सासू अन् तिचे भासरे बकरीमार्फत बोलून राह्यले, म्हनून मामाजी म्हनत का आमची बकरी दुभाषी हाय, मिसरच्या फारो राजाच्या दरबारात असती त तिले पगार असता.

त्यायनं आपल्या आवारातल्या एक एक जागेले गेरूनं मिसरचं नाव देल्लं. बकऱ्यायचा गोठा म्हंजे गोशेन, कारन फारोनं मेंढपाळायले गोशेन प्रांत देल्ला होता. मांगं विटा पडल्या होत्या, ते पिथोम, कारन तठी फारोनं यहुदी लोकायकडून विटा पाडून घेतल्या होत्या. खाट टाकतात ती खोली रामसेस, फारोच्या शहराचं नाव. हापशी म्हंजे नील नदी. अन् संडास दक्षिनेच्या कोपऱ्यात होता म्हनून तो नुबिया, मिसरच्या दक्षिनेचा मुलूख. पाव्हने आले अन् इचारलं का दादा कठी हायेत, त गुड्डी सांगे, "आबा नुबियाले गेले, येतातच." संध्याकाळी बकऱ्या घरी आनाच्या टायमाले मामाजी फाटकात उभे राहत, यष्टीची जुनी घंटी तठी टांगली होती, तिची दोरी वढत अन् पार रस्त्यावर आयकू जाईन असं ओरडत, "चला, हायेत का गोशेनवाले? गोशेनवाले उतरा!" अन् बकऱ्या खरंच येत, एकामांगं एक, मांगं माही गुड्डी. ती जलमली तवापासून त्या गोठ्यापाशीच वाढली. मले घरचं, वावरातलं, सासूचं, इतकं काम का पोट्टी कोनाच्या ओट्यावर मोठी झाली त ती मामाजीच्या. म्हनून तिचं गाव गोशेन. मले वाटे, शाळेत जाईन तवा शिकन केनवड. घाई कायची हाय?

अन् केनवडचीही एक गंमत सांगतो. मामाजीनं वाचलं का मोशेच्या सासरकडच्या लोकायले केनी म्हनत. मंग काय, केनी अन् केनवड! दोन महिने घंटी वाजवून सांगत फिरले का हे गाव मोशेच्या साळ्यायनं बसवलं. लोकायनं नमस्कार कराले सुरुवात केली. एकानं त बोर्ड लावाचं काढलं. मंग मामाजी वाशीमले एका कॉलेजच्या सरकडे गेले. सरनं चहा पाजला अन् समजून सांगतलं का काका, नाव सारखं आयकू आलं म्हनून नातं लागत नाही. मामाजी घरी आले, जेवले नाही. दुसऱ्या दिशी सकाळीच पारावर गेले, घंटी वाजवली, अन् सांगतलं, "लोकहो, माहं चुकलं. केनवडचा अन् मोशेचा काईही संबंध नाही. ज्यायनं मले मोशेचा सोयरा म्हनून नमस्कार केला त्यायनं आपला नमस्कार वापस घ्यावा." लोक पोट धरधरून हासले. मी नाही हासली. मी पदराआडून पाहत होती अन् माही छाती अशी फुगली होती! आपलं चुकलं हे गावात घंटी वाजवून सांगनारा मानूस तुमी पाह्यला काय? म्या त हाच एक पाह्यला.

अजून एक. एकडाव मी गोवऱ्या थापत थापत इचारलं, "मामाजी, पन देव गावाचा असते का मानसाचा? गाव सोडून मानसं गेले त देव मांगं राह्यते का संग जाते?" त मामाजी उठून उभे झाले. पंच काढला, वाजवला. म्हनले, "सुनबाई, तू आठवी शिकून हे इचारून राह्यली? अवो हाच त सारा सवाल हाय!" मायबापानं, मास्तरनं, नवऱ्यानं, माह्या एकाही सवालासाठी आजवर कोनी खाटीवरून पाय खाली टाकला नव्हता. हे मानूस उभं राह्यलं. शेनाचे हात घेऊन मी तशीच बसली, अन् मले वाटे मी कोनीतरी हाय.

तोच सवाल घेऊन ते दरसाल काठेवाडी लोकायपाशी जात. हे उंटवाले, मेंढ्यावाले लोक तुमाले मालूम असतीन, पीक निंघालं का येतात, कास्तकार आपल्या वावरात त्यायच्या मेंढ्या बसवतात, वावराले खत भेटते. त्यायचा डेरा पडला का मामाजी जिलेबी घेऊन हजर. "हे आपले शासू होय," ते गुड्डीले सांगत. "ह्यायचं गाव चालते. मेंढ्या चालतात, उंट चालते, अन् देवही ह्यायच्यासंग चालते. उंटावर एक लाल पेटी असते, त्यात." डेऱ्यात एक म्हातारी उंटवाली होती, हातभर बांगड्या, बिडी पिनारी, सारा कारभार तिच्या हाती. तिले मामाजी दरसाल पुसत, "मावशी, तुमचा देव कोन्त्या मुलखाचा? नाव काय? पेटी दाखवता काय?" अन् ती म्हातारी दरसाल धूर सोडून म्हने, "बाबा, जलेबी अच्छा है." बस. पेटी काई तिनं उघडली नाही. तरी मामाजीनं तिचा मोबाईल नंबर घेतला, अन् बरसातीतही फोन करत, "मावशी, कुठं पोचले? मेंढ्या बऱ्या हायेत?" आत्याबाई बकरीले म्हने, "पाह्य वो, सखी बहीन मेली तिचं तेरावं चुकवलं, अन् उंटाची खबर घेतात."

हे सारं मले त्या हायवेवर एका दमात आठवलं. पानठेलेवाला म्हनला, ताई, घरी फोन लावा. गुड्डीच्या पप्पाचा फोन लागेना. आत्याबाईले लावला. म्या म्हनलं, "आत्याबाई, गुड्डी हरवली, अन् तिले गाव सांगता येत नाही, ती गोशेन सांगन."  पलीकडे चपला वाजल्या, फाटक आपटलं, अन् फोन तिच्या हातात तसाच चालू, मले सारं आयकू येऊन राह्यलं. माही सासू, जिनं त्या मानसाकडे मान वर करून कवा पाह्यलं नाही, ती त्याच्या पुढ्यात उभी राहून ओरडली, "तुमच्या मिसरनं माही नात खाल्ली! तिले गाव सांगता येत नाही! उभ्या दुनियेचे गावं पाठ हायेत तुमाले, अन् लेकराले एक केनवड शिकवता आलं नाही?"

मले वाटलं मामाजी बकरीले जवाब देतीन. पन बकरी ओरडली, मामाजी नाही. मंग त्यायचा आवाज आला, असा बारीक का मले वळखू आला नाही. "इतक्या वर्सानं बोलली," ते म्हनले, "अन् खरं बोलली."

अन् तवाच त्यायचा फोन वाजला. मी कानाले फोन दाबून उभी, ट्रकचा आवाज, भोंग्याचा आवाज, अन् पलीकडे मामाजी, "कोन? मावशी? नाही मावशी, आता नाही, माह्या घरी लय... काय? काय म्हनता? कठी?" मंग आत्याबाईच्या हातातून त्यायनं फोन घेतला असन, कारन माह्या कानात एकदम पयलेचा कंडक्टर बोलला, खनखनीत, "सुनबाई! पोट्टी हाय! घाबरू नोको. मालेगावच्या रस्त्यानं पुढं ये. पोट्टी उंटावर हाय!"

त्या भाजीवाल्या भाऊनं भाजीसकट ऑटो पळवला. रस्त्याच्या कडंनं मेंढ्यायचा लोंढा चालला होता, धूळच धूळ, मंधात उंट, अन् उंटावर चारपाईचे उलटे पाय, कोंबड्या, भांडे, अन् त्या साऱ्याच्या मंधात माही गुड्डी, व्हटावर दुधाच्या मिशा. मले पाहून रडली नाही मेली. वरूनच ओरडली, "मम्मी, शासू आले!" म्या तिले खाली घेतलं, छातीशी धरलं, मंग एक चापट मारली, मंग मुके घेतले, मंग मीच धुळीत बसली अन् असा गळा काढला का मेंढ्या थांबल्या.

म्हातारी उंटवाली माह्यापाशी उकिडवी बसली. म्हनली, "छोकरी पीछे पीछे आई. मेरेको मालूम नहीं पड़ा, मेंढ़ी में मेंढ़ी जैसी. पूछा, गाँव कौन सा? बोली, गोशेन. मेरेको हँसी आ गई. गोशेन तो अपने जलेबीवाले बाबा का बकरीवाडा, रोज शाम को घंटी बजाके चिल्लाता है! तो बाबा को फोन लगाया." मंग बिडी पेटवून म्हनली, "छोकरी बोली, देव दिखाओ. तो दिखाया."

"पेटी उघडली?" म्या इचारलं. "मामाजीनं इतके वर्सं इचारलं, त्यायले नाही दाखवली."

"बाबा पूछता है," म्हातारी म्हनली. "इसने पूछा नहीं. इसने हाथ जोड़ा."

म्या त्या बाईच्या पायावर डोकं ठिवलं. तिनं पाय मांगं घेतले अन् म्हनली, बाबाले सांग, अगले हप्ते केनवडले डेरा पडते.

घरी मंग जे झालं ते झालं. गुड्डीचे पप्पा ड्युटीवरून आले, सारं आयकलं, अन् रागानं म्हनले, "आजपासून पोट्टी त्या ओट्यावर जानार नाही. माह्या लेकराले गोशेन-फिशेन नाही पायजे." त्यायचंही खरंच हाय. बाप हाय. मीही मान हालवली, कारन त्या ट्रकायचा आवाज माह्या कानातून गेला नव्हता. ज्या गोठ्याच्या नावानं ती हरवली म्हनून आमी घाबरलो, त्याच नावानं ती सापडली, हे मले तवाच दिसलं होतं, पन भेलेल्या मानसाची जीभ चालत नाही.

मामाजीले कोनी काई सांगतलं नाही. सांगाचं कामच पडलं नाही. दुसऱ्या दिशी सकाळी उठून पाह्यतो त त्यायनं ओलं पोतं घेतलं अन् एक एक नाव पुसून राह्यले. गोशेन पुसलं, पिथोम पुसलं, नुबियाही पुसलं. घंटी काढून ठिवली. गुड्डी भितीवरून डोकावून म्हनली, "आबा, माहं गाव कठी गेलं?" त मामाजी तिच्याकडे न पाह्यता म्हनले, "तुहं गाव केनवड हाय, माय. तालुका रिसोड. म्हन बरं." ती म्हनली नाही, भोकाड पसरलं तिनं. संध्याकाळी बकऱ्या घरी आल्याच नाही. घंटी नाही, गोशेनवाले उतरा नाही, त त्या बिचाऱ्या रस्त्यावरच उभ्या, जशी काई यष्टी चुकली. आत्याबाई त्यायले हाकलत आनत होती अन् बडबडत होती, पन भितीले नाही, बकरीले नाही, कोनालेच नाही. तिलेही करमत नव्हतं. मले समजत होतं. त्या घरातून टिकटिक आयकू येनं बंद झालं होतं.

अन् सारं सांगून जे सांगाचं राह्यते ते हे. उंटवालीनं फोनवर मामाजीले सांगतलं होतं का छोकरीले देव दाखवला. म्हंजे त्यायले ठाऊक होतं. ज्या पेटीसाठी त्यायनं वर्सानुवर्सं जिलेब्या वाहल्या, ती पेटी कशी उघडते, आत काय हाय, देवाचं नाव काय, हे सारं भितीच्या या बाजूले चार वर्साचं होऊन खेळत होतं. फक्त एकडाव हाक माराची होती. अन् त्या मानसानं हाक मारली नाही. म्या एकडाव गुड्डीले इचारलं, "काय होतं वो पेटीत?" त ती म्हनली, "मी आबालेच सांगीन." मले नाही सांगतलं, पोटच्या मायले.

परवा काठेवाड्यायचा डेरा पडला, आमच्या घरून दिसते अशा वावरात. उंट दिसला, गुड्डी नाचाले लागली. मामाजीच्या फाटकाले कडी. आज सकाळी तिचे पप्पा वाशीमले गेले अन् ती माह्यापाशी आली, म्हनली, "मम्मी, आबाले न्याचं हाय. मी बोट धरतो त्यायचं. मी नाही सोडनार."

 माह्या डोयापुढं ते ट्रक आले, ते केळं आले, तो लाल फ्रॉक. म्या आत्याबाईकडे पाह्यलं. आत्याबाईनं बकरीकडे पाह्यलं अन् बकरीले म्हनली, "मले काई दिसत नाही वो बाई, माह्या डोयात मोतीबिंदू हाय." मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन वर्सं झाले तिचं.

मंग म्या पेन घेतला. गुड्डीचा हात उताना केला, अन् मनगटाच्या वर एक लांबोळा गोल काढला, फोटोतल्यावानी. त्यात लिवलं, केनवड. खाली माहा मोबाईल नंबर. माहं अक्षर वाकडं येते, तरी दाबून लिवलं. गुड्डीले वाचता येत नाही, तरी ती वाचल्यासारखी पाहत होती, म्हनली, "अन् गोशेन?" म्या नंबरच्या खाली गोशेन लिवलं.

ती फाटकापाशी गेली, कडी वाजवली. मामाजी बाहीर आले. खाकी शर्ट होता, पन बटनं वरखाली लागली होती. तिनं हात पुढं केला. मामाजीनं चष्मा वर सरकवला, वाचलं. लय वेळ वाचलं. मंग भितीवरून माह्याकडे पाह्यलं, अन् म्या पदर डोक्यावर घेतला, मान हालवली. त्यायनं खिशात हात घातला, पंच काढला, अन् तिच्या मनगटाच्या जवळ, हवेतच, एकडाव वाजवला. टिक.

आता मी अठी ओट्यावर बसून राह्यली. वावराच्या बांधानं ते दोघं चालले, लाल फ्रॉक पुढं, खाकी शर्ट मांगं, आज रस्ता तिलेच मालूम हाय. चपलायचा आवाज अजून येते, बारीक. मी कान लावून बसली, अन् छाती फुगून राह्यली. संध्याकाळी तिचे पप्पा येतीन, हात धुताना तो गोल पाहतीन, अन् मले इचारतीन. 

तुमीच सांगा. तुमच्या लेकराच्या हातात तुमची सारी भीती असती, अन् एका मानसाचा जलमभराचा सवालही त्याच हातात असता, त तुमी काय केलं असतं?